सहा जणांचं खरंच एकमत आहे का? चिठ्ठ्यांवरून ते मोजायची रीत

सोसायटीच्या मिनिट्स बुकात 'सर्वानुमते ठरले' हे दोन शब्द जितक्या वेळा सापडतात, तितक्या वेळा ते खरे नसतात. मी काही वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे त्यातले बरेचसे माझ्याच अक्षरात आहेत. खरं तर एक जण ठासून बोललेला असतो, दोघांनी मान डोलावलेली असते आणि बाकीच्यांचं लक्ष चहाकडे असतं.

एका वर्षी मी वेगळं करून बघितलं. इमारत चार मजली, कमिटीत सहा जण. समोर पाच कामं होती: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, लिफ्ट बदलणं, पाण्याची खालची टाकी मोठी करणं, कॅमेरे बसवणं आणि बाहेरून रंग. फंडात पैसे एकाच कामापुरते, फार तर दुसऱ्याच्या ॲडव्हान्सपुरते. बोलणी सुरू व्हायच्या आत प्रत्येकाला चिठ्ठी दिली आणि पाचही कामांना १ ते ५ क्रमांक द्यायला सांगितले. त्या सहा चिठ्ठ्यांमधून 'आपलं किती जुळतंय' याचा एक आकडा निघतो. तो कसा काढायचा आणि काढल्यावर त्यावर कितपत विसंबायचं, ते इथे सांगतो. बेरीज, वजाबाकी आणि वर्ग करता येत असेल तर बाकी काही लागत नाही. बचत गटाला कोणता धंदा निवडायचा, परीक्षकांचे निकाल किती जुळतात, मित्रांनी सहलीला कुठे जायचं, सगळीकडे रीत हीच.

चिठ्ठ्या भरून घेताना

गणितापेक्षा जास्त घोळ इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

चिठ्ठी चर्चेच्या आधी भरून घ्यायची आणि ज्याची त्याने भरायची. नवरा-बायको शेजारी बसून भरायला लागले, की दोन चिठ्ठ्यांवर एकच मत येतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हे करूच नका. पहिला जो यादी टाकतो त्याच्याखाली 'सेम' लिहिणारे तीन जण तयारच असतात. मग एकमत छान दिसतं, पण तुम्ही मोजलेलं असतं आळसाचं एकमत.

कामं पाच ते सातच ठेवा. दहा-बारा झाली की माणूस वरची दोन आणि खालची दोन मनापासून लावतो आणि मधली अंदाजपंचे भरतो.

आता सगळ्यात फसवी चूक. १ म्हणजे सर्वांत आधी हवं, असं मी दोनदा सांगितलं होतं. तरी तळमजल्यावरच्या काकूंनी टाकीसमोर ५ लिहिले आणि लिफ्टसमोर १. त्यांच्या हिशेबी ते मार्क होते, पाचापैकी पाच! आता गंमत बघा. प्रत्येक चिठ्ठीची बेरीज १+२+३+४+५ म्हणजे १५ यायला हवी, ही नेहमीची तपासणी. पण उलटी चिठ्ठीसुद्धा १५ च देते, त्यामुळे ही चूक बेरजेत पकडली जात नाही. चिठ्ठी परत घेताना तोंडी विचारायचं, "काकू, म्हणजे तुम्हाला लिफ्ट सगळ्यात आधी हवी ना?" काकू जवळजवळ ओरडल्याच, "छे गं बाई, मला काय करायचीय लिफ्ट?" चिठ्ठी दुरुस्त झाली.

तक्ता मांडा

कमिटीतले तीन जण खालचे होते: तळमजल्यावरच्या काकू आणि पहिल्या मजल्यावरचे दोघे. तीन वरचे: तिसऱ्या मजल्यावरच्या एक मॅडम आणि चौथ्यावरचे दोघे. याच क्रमाने सहा जणांचे क्रमांक आणि त्यांची बेरीज अशी:

गच्ची: ४, ४, ३, १, २, १, बेरीज १५
लिफ्ट: ५, ५, ५, ३, १, २, बेरीज २१
टाकी: १, २, १, २, ३, ३, बेरीज १२
कॅमेरे: २, १, २, ५, ४, ४, बेरीज १८
रंग: ३, ३, ४, ४, ५, ५, बेरीज २४

पाचही बेरजा मिळून ९० व्हायला हव्यात, कारण चिठ्ठ्या सहा आणि प्रत्येकीचे १५. होतात. होत नसतील तर कुणीतरी एक क्रमांक दोनदा लिहिलाय किंवा तुम्ही उतरवताना चुकलात, त्यामुळे पुढे जाऊ नका.

बेरीज जितकी लहान, तितकं ते काम वर. म्हणजे टाकी पहिली, गच्ची दुसरी. बहुतेक जण इथेच वही मिटतात. पण बेरजेने क्रम कळतो, त्या क्रमामागे किती जण आहेत ते कळत नाही.

आकडा काढा

सगळ्यांनी अगदी एकसारखी चिठ्ठी भरली असती तर काय झालं असतं? पहिल्या कामाची बेरीज ६, पुढच्यांची १२, १८, २४ आणि शेवटच्याची ३०. बेरजा लांब लांब पसरल्या असत्या. उलट सगळ्यांची मतं एकमेकांना खोडून काढणारी असती, तर प्रत्येक कामाची बेरीज १८ च्या आसपास गोळा झाली असती. ९० भागिले ५ म्हणजे १८, ही बेरजांची सरासरी. म्हणजे एकमत असेल तर बेरजा पसरतात, नसेल तर गोळा होतात. सगळी कल्पना एवढीच आहे. आता तो पसारा मोजायचा.

प्रत्येक बेरजेतून १८ वजा करा. गच्ची −३, लिफ्ट +३, टाकी −६, कॅमेरे ०, रंग +६. यांचे वर्ग ९, ९, ३६, ०, ३६. एकूण ९०. (वरही ९० आणि इथेही ९०, हा निव्वळ योगायोग. गोंधळू नका.)

पूर्ण एकमत असतं तर? फरक −१२, −६, ०, ६, १२. वर्ग १४४, ३६, ०, ३६, १४४. एकूण ३६०.

९० भागिले ३६०. उत्तर ०.२५.

याला केंडॉलचा डब्ल्यू म्हणतात. मॉरिस केंडॉल आणि बर्नार्ड बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९३९ मध्ये तो मांडला. ॲलन वॉलिस यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तोच आकडा शोधला होता. पुस्तकात तो सूत्राच्या रूपात दिसतो. माणसं म, कामं क आणि वर्गांची बेरीज ब धरली तर:

डब्ल्यू = १२ × ब ÷ (म² × (क³ − क))

आपल्या बाबतीत १२ × ९० ÷ (३६ × १२०) म्हणजे १०८० ÷ ४३२०, तेच ०.२५. सूत्र पाठ करायची गरज नाही. 'आहे तो पसारा, भागिले जास्तीत जास्त होऊ शकणारा पसारा' एवढं लक्षात ठेवलं तर सूत्र विसरलात तरी अडणार नाही. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये डी-ई-व्ही-एस-क्यू नावाचं फंक्शन आहे. बेरजांचा कॉलम त्याला दिला की वर्गांची बेरीज हातात येते. तरी पहिल्यांदा हातानेच करा.

०.२५ म्हणजे किती?

डब्ल्यू ० ते १ च्या मध्येच राहतो, उणे कधीच येत नाही. दोन माणसं एकमेकांच्या अगदी विरुद्ध असू शकतात, पण तीन माणसं तिघंही एकमेकांच्या पूर्ण विरुद्ध असू शकत नाहीत. अ आणि ब उलट असतील, तर अ च्या उलट जाणारा तिसरा आपोआप ब च्या बाजूला जाऊन बसतो. म्हणून गटाच्या बाबतीत एकमताचा अभाव असतो, पूर्ण विरोध असा नसतो.

मग ०.२५ हे पंचवीस टक्के एकमत का? नाही, आणि नवखे लोक इथेच फसतात. सहा जणांनी डोळे मिटून चिठ्ठ्या भरल्या तरी डब्ल्यू शून्य येत नाही, सरासरीने १/६ येतो, म्हणजे साधारण ०.१७. तिघांचाच गट असेल तर आंधळ्या चिठ्ठ्यांचीही सरासरी ०.३३. माणसं जितकी कमी, तितका हा फुकटचा आकडा मोठा. त्यामुळे तिघांच्या कमिटीचा ०.४ आणि वीस जणांच्या बैठकीचा ०.४ यांची तुलना करू नका. वीस जणांचा ०.४ पुष्कळ भारी आहे.

हा फुकटचा भाग काढून टाकायची सोपी वाट आहे. (म × डब्ल्यू − १) ÷ (म − १). आपल्यासाठी (६ × ०.२५ − १) ÷ ५ = ०.१. कुठल्याही दोन सभासदांच्या चिठ्ठ्या घेतल्या तर त्यांचा सहसंबंध (१ म्हणजे अगदी सारख्या, ० म्हणजे काहीच संबंध नाही, −१ म्हणजे अगदी उलट) सरासरी किती, ते हा आकडा सांगतो. ०.१ म्हणजे जवळपास काहीच नाही.

निव्वळ योगायोगाने इतकं जुळू शकतं का, हेही तपासता येतं. म × (क − १) × डब्ल्यू करा: ६ × ४ × ०.२५ = ६. हा आकडा काय-वर्गाच्या (chi-square) तक्त्यात, म्हणजे योगायोगाने किती मोठा आकडा येऊ शकतो ते दाखवणाऱ्या तक्त्यात, ४ डिग्रीज ऑफ फ्रीडमच्या ओळीत बघायचा. डिग्रीज नेहमी कामांपेक्षा एकने कमी. तिथे ५ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे निव्वळ योगायोगाने शंभरात पाचच वेळा ओलांडली जाणारी, ९.४९ आहे. आपला ६ तिच्या खाली, त्यामुळे 'हे जुळणं योगायोगाचंही असू शकतं' इतकंच म्हणता येतं. ९.४९ गाठायला डब्ल्यू ०.४ च्या आसपास लागला असता. ज्यांनी फ्रीडमनची चाचणी शिकली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण हिशेब तोच आहे. मिल्टन फ्रीडमन यांनी ती १९३७ मध्ये मांडली. पुढे १९७६ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले फ्रीडमन ते हेच. पाच कामं आणि सहा माणसं एवढ्या लहान तक्त्याला ही काय-वर्गाची कसोटी अंदाजेच लागू पडते, हेही लक्षात असू द्या.

कमी आकडा आला की लगेच हात टेकू नका

माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग हाच, आणि तो डब्ल्यूने नाही तर तक्त्याकडे पुन्हा बघितल्यावर कळतो.

कॅमेऱ्यांची ओळ बघा. बेरीज १८, नेमकी सरासरीवर. कुणाला वाटेल, कॅमेरे सगळ्यांना मध्यम हवेत. प्रत्यक्षात २, १, २ आणि ५, ४, ४. एकानेही मधला क्रमांक दिलेला नाही! लिफ्टचंही तसंच. खालच्या तिघांनी सरसकट ५, वरच्यांनी ३, १, २.

मग काकूंची चिठ्ठी धरून बाकी पाचांशी सहसंबंध काढला. स्पीअरमन यांची ही १९०४ पासूनची पद्धत. दोन चिठ्ठ्यांतल्या क्रमांकांचे फरक घ्या, त्यांच्या वर्गांची बेरीज करा, तिला ६ ने गुणा, क × (क² − १) ने भागा आणि आलेलं उत्तर १ मधून वजा करा. पाच कामांसाठी तो भाजक १२०. पहिल्या मजल्यावरच्या दोघांशी काकूंचे आले ०.९ आणि ०.९. वरच्या तिघांशी −०.२, −०.६ आणि −०.५.

आता खालच्या तिघांचाच डब्ल्यू काढा. बेरजा गच्ची ११, लिफ्ट १५, टाकी ४, कॅमेरे ५, रंग १०. सरासरी ९. वर्गांची बेरीज ८२, जास्तीत जास्त ९०. डब्ल्यू ०.९१. वरच्या तिघांचा ७६ भागिले ९०, म्हणजे ०.८४. तिघांच्या गटात फुकटचे ०.३३ असतात हे धरूनही दोन्ही आकडे दणदणीत आहेत.

म्हणजे कमिटीत गोंधळ नव्हताच. दोन पक्की मतं होती आणि त्यांच्यामध्ये एक जिना. दोन्ही मिसळली की ०.२५ दिसतो.

डब्ल्यू कमी येण्याची दुसरीही तऱ्हा असते, आणि ती ओळखता आली पाहिजे. तीन मित्र, तीन ठिकाणं. एकाचा क्रम महाबळेश्वर, अलिबाग, भंडारदरा. दुसऱ्याचा अलिबाग, भंडारदरा, महाबळेश्वर. तिसऱ्याचा भंडारदरा, महाबळेश्वर, अलिबाग. प्रत्येक ठिकाणाची बेरीज ६, डब्ल्यू बरोबर शून्य. इथे गट वगैरे नाहीत, सगळे गोल फिरतायत. दोन-दोन ठिकाणांवर मतं विचारलीत तर महाबळेश्वर अलिबागला दोन विरुद्ध एकने हरवतं, अलिबाग भंडारदऱ्याला आणि भंडारदरा पुन्हा महाबळेश्वरला. फ्रेंच गणिती काँडोर्से यांनी १७८५ मध्ये दाखवलेला पेच तो हाच. अशा वेळी गटागटाने वाटाघाटी करण्यात अर्थ नाही, सरळ नाणं उडवा.

सावधगिरीचं एक सांगून ठेवतो. गट पाडायचे ते आधीपासून माहीत असलेल्या कारणाने: मजला, वय, भाडेकरू की मालक, शेत ओलिताचं की कोरडवाहू. आकडे बघून 'हे तिघं जुळतात, हा एक गट' असं केलंत तर कुठल्याही चिठ्ठ्यांमध्ये गट सापडतील.

बरोबरी आणि अर्धवट चिठ्ठ्या

कुणी म्हणेल, "गच्ची आणि रंग मला सारखेच." जबरदस्ती करू नका. दोन्हींना मिळून ३ आणि ४ या जागा येत असतील, तर दोघांनाही ३.५ द्या. चिठ्ठीची बेरीज १५ च राहते. सूत्रात मात्र छोटी दुरुस्ती लागते. त्या बरोबरीत जितकी कामं, त्या संख्येच्या घनातून ती संख्या वजा करायची. दोन कामांची बरोबरी असेल तर ८ − २ = ६. सगळ्या चिठ्ठ्यांमधले असे आकडे मिळवून माणसांच्या संख्येने गुणायचे आणि भाजकातून काढायचे. काकूंनी अशी एक बरोबरी केली असती तर भाजक ४३२० ऐवजी ४२८४ झाला असता. गच्ची आणि रंगाच्या बेरजाही बदलल्या असत्या, त्यामुळे डब्ल्यू दुरुस्तीशिवाय ०.२७६ आणि दुरुस्तीनंतर ०.२७९ आला असता. एखाददुसऱ्या बरोबरीने काही बिघडत नाही. अर्ध्याअधिक चिठ्ठ्यांत बरोबऱ्या असतील तर ही दुरुस्ती टाळू नका.

ज्यांनी पहिले तीनच लिहिले आणि पुढे 'बाकी काहीही' असं लिहून सोडलं, त्यांच्या उरलेल्या दोन कामांना ४.५ आणि ४.५ द्या. कोरी चिठ्ठी बाजूला ठेवा आणि म एकने कमी करा. तिथे सरासरी भरून टाकायचा मोह होतो, पण तसं करू नका.

हा आकडा काय सांगत नाही

डब्ल्यू ०.९ आला म्हणजे निर्णय योग्य, असं नाही. सगळे मिळून चुकीचंही ठरवू शकतात. स्ट्रक्चरल ऑडिटवाल्याने गच्चीचा स्लॅब धोक्यात आहे म्हणून सांगितलं असेल, तर चिठ्ठ्या वाटायच्याच नसतात.

आणि आकडा एकच असला तरी एकमत नेमकं कुठे आहे, ते ओळी वाचल्याशिवाय कळत नाही. आमच्या तक्त्यात रंगाची ओळ ३, ३, ४, ४, ५, ५. सहापैकी एकानेही रंग पहिल्या दोनांत ठेवला नव्हता. काय करायचं यावर भांडण होतं, पण काय करायचं नाही यावर सगळे एक होते, आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रंग या वर्षी मागे पडणार, हे त्याच बैठकीत स्पष्ट झालं. टाकीची ओळही अशीच बोलकी होती. सहाही जणांनी तिला पहिल्या तीनांत ठेवलं होतं.

दुसरी फेरी

पुढच्या बैठकीला मी तक्ता मोठ्या अक्षरात छापून भिंतीला लावला, कुणाचं नाव न घालता, फक्त 'खालचे' आणि 'वरचे' असं लिहून. वादावादी झालीच, पण या वेळी मुद्द्याची झाली. चौथ्या मजल्यावरच्यांनी मोबाईलवर आपल्या स्वयंपाकघराच्या छताचा फोटो दाखवला. ओट्याच्या वर पोपडे सुटले होते आणि खाली पातेलं ठेवलेलं. काकू म्हणाल्या, "अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

पुन्हा चिठ्ठ्या भरल्या. काकूंनी आणि पहिल्या मजल्यावरच्या एकाने गच्ची दुसऱ्या क्रमांकावर नेली. वरून एकाने टाकीला लिफ्टच्या आधी घेतलं. नव्या बेरजा: टाकी ११, गच्ची १२, कॅमेरे २०, लिफ्ट २२, रंग २५. वर्गांची बेरीज १५४, डब्ल्यू ०.४३.

इथे काय-वर्ग लावून 'सिद्ध झालं' म्हणायचा मोह मला झाला होता, कारण आकडा १० च्या वर जात होता. पण चर्चेनंतरच्या चिठ्ठ्या एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यामुळे ती कसोटी इथे लावता येत नाही. ०.२५ वरून ०.४३ वर आलो, एवढंच म्हणता येतं.

मिनिट्समध्ये लिहिलं: 'खालची टाकी या वर्षी, गच्चीच्या कामाचं कोटेशन मागवणे. डब्ल्यू ०.४३.' ऑडिटरने त्या शेवटच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढून विचारलं, हे कशाचे रुपये?

खालच्या तिघांतली एक चिठ्ठी मात्र दोन्ही फेऱ्यांत जशीच्या तशी राहिली. पहिल्या मजल्यावरच्या दुसऱ्या गृहस्थांनी दोन्ही वेळा कॅमेरे पहिल्या क्रमांकावर ठेवले. त्यांच्या स्कूटरमधून त्या वर्षात दोनदा पेट्रोल चोरीला गेलं होतं.